पाण्याला आधी वाट द्या!

सिव्हिलच्या पोराला घरचे लोक पहिल्या वर्षापासूनच इंजिनिअर समजायला लागतात. "आमच्या घराला तडा का गेला?" इथपासून "विहीर कुठे खणू?" इथपर्यंत सगळे प्रश्न आपल्याकडेच येतात. माझंही तसंच झालं.

माझे आजोबा, म्हणजे आबा, संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावी राहतात. शाळेतून निवृत्त झाल्यापासून रोज पहाटे तासभर ध्यानाला बसतात. घरात माणसं, टीव्ही, कुकरच्या शिट्ट्या. सेकंड इयरच्या मे महिन्यात ते मला म्हणाले, "अरे, मागच्या डोंगरउताराच्या तुकड्यावर एक छोटी ध्यानकुटी बांधायची आहे. पाच-सात माणसं बसतील एवढी. नकाशा तू काढ. माझ्या गुडघ्यांचं काही खरं नाही, तेव्हा लवकर काढ."

मी आनंदाने टेप घेऊन धावलो. दोन दिवसांत मोजमाप, चार दिवसांत ड्रॉइंग. उतार सपाट करून मधोमध हॉल, तीन फुटांवर खिडक्या, वर पत्रा. एक किंजळीचं झाड मध्ये येत होतं, त्यावर मी लाल फुली मारली. आबांनी शीट पाहिली आणि एवढंच म्हणाले, "जुलैत ये. मग ठरवू."

जुलैत गेलो. छत्री घेऊन उतारावर उभा राहिलो आणि पोटात गोळा आला. मी जिथे हॉल काढला होता, बरोब्बर तिथूनच वरच्या डोंगराचं पाणी गुडघाभर ओढ्यासारखं वाहत होतं! मे महिन्यात तिथे फक्त वाळलेलं गवत होतं. बांधकाम झालं असतं तर पहिल्याच पावसात जोत्याखालची माती गेली असती. आणि आत डोळे मिटून बसलेले असते आबा.

त्याच दिवाळीच्या सुट्टीत रूम पार्टनरबरोबर बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांना गेलो. तिथे मला माझी चूक कळली. बौद्ध भिक्षू एरवी फिरतीवर असत, पण पावसाळ्याचे साधारण तीन महिने एका जागी राहत. याला वर्षावास म्हणतात. म्हणजे ही राहण्याची आणि ध्यानाची जागा मुळात पावसाळ्यासाठी होती! कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत आणि त्यांच्या जोडीने पाण्याची टाकी खोदलेली आहेत. शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटलं आहे. कातळावरचं पाणी बारीक चरांमधून टाक्यात उतरतं. बसायला-झोपायला कातळातलाच ओटा. सजावट नसलेली लहान लेणीसुद्धा पाण्याचा विचार सोडत नाहीत.

परत आल्यावर नवा नकाशा काढला. त्यातले मुद्दे सांगतो, कुणाला उपयोगी पडतील.

जागा : कुटी पाण्याच्या वाटेतून काढून बाजूच्या उंचवट्यावर नेली. लांब बाजू उताराला आडवी ठेवली, म्हणजे खोदाई आणि भराव दोन्ही कमी. वरच्या अंगाला दगडी चर, त्याला शंभराला एक असा ढाळ, आणि चराचं तोंड मूळ वाटेत सोडलेलं. पाणी अडवायचं नाही, नुसतं वळवायचं. जोतं दोन फूट.

झाड : किंजळ वाचली. पाया तिच्या फांद्यांच्या घेराबाहेर ठेवला, कारण त्या घेरात खोदलं की मुळं तुटतात आणि झाड हळूहळू वाळतं. आता दुपारची सावली फुकट मिळते.

भिंती : जांभ्याचा चिरा. खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. गावातच मिळतो, गिलाव्याची गरज नाही. केरळात काम केलेल्या लॉरी बेकर (१९१७-२००७) यांनी जवळचा माल आणि विटांची जाळी यांतून किती साधी, थंड घरं होतात हे दाखवलं. त्यावरून वरच्या त्रिकोणी भिंतीत जाळी ठेवली. गरम हवा तिथून निघून जाते.

छप्पर : पत्रा रद्द, मंगलोरी कौलं. पत्र्यावर कोकणातला पाऊस पडायला लागला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, मग ध्यान कसलं! दक्षिण आणि पश्चिमेला दीड मीटर पडवी, कारण पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो.

खिडकी : ही चूक मजेशीर होती. जमिनीवर बसलेल्या माणसाचे डोळे साधारण अडीच फुटांवर असतात. माझ्या तीन फुटांवरच्या खिडकीतून फक्त आभाळ दिसलं असतं. आता खिडकी दीड फुटावर सुरू होते, बसल्या जागी झाडं दिसतात.

माप : एका माणसाला आसन आणि वाट धरून दीड चौरस मीटर लागतं. आठ जणांना बारा. खोली चार बाय चार मीटरची, तेवढी पुरे. मागच्या भिंतीला सोळा इंच उंच चिऱ्याचा ओटा. ज्यांना मांडी घालता येत नाही त्यांच्यासाठी. कान्हेरीहून आणलेली ही एकच वस्तू!

पाणी : छप्पर आडव्या मापात सुमारे ४० चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आमच्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पडतो. म्हणजे १,२०,००० लिटर. वीस टक्के वाया धरले तरी ९६,००० हाती येतात. पहिल्या पावसाचं धुळीचं पाणी सोडून द्यायचं, नंतरचं पन्हळीतून १०,००० लिटरच्या टाकीत, उरलेलं गाळून विहिरीत. रोज माणशी ५० लिटर धरले तर चार माणसांना टाकी ५० दिवस पुरते.

गेल्या उन्हाळ्यात कुटी पूर्ण झाली. यंदा जुलैत पुन्हा छत्री घेऊन गेलो. चर भरून वाहत होता, पागोळ्या गळत होत्या, जोतं कोरडं ठणठणीत. आत आबा भिंतीशी ओट्यावर बसले होते, पाय खाली सोडून, डोळे मिटून. मी पडवीतच थांबलो. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "जुन्या जागेवर पाणी किती आहे रे?"

"गुडघाभर."

"बरं झालं, तू जुलैत आलास," म्हणाले आणि चहा मागितला.

सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला आपण ऊन बघून बाहेर पडतो. पण मित्रहो, कुठलीही जागा एकदा तरी भर पावसात बघा. शांत जागा बांधायची असेल, तर तिथे आधीपासून काय वाहतंय ते आधी पाहायला हवं.

– अंतिम वर्ष, स्थापत्य