बोलण्याचे मोल

“नुसते बोलायचे, त्याचे पैसे कसले?” समुपदेशकाच्या फीविषयी हा प्रश्न आमच्या स्टाफरूममध्ये मी अनेकदा ऐकला आहे. गंमत अशी, की तो विचारणारे आम्ही सारे प्राध्यापक पगार घेतो तो बोलण्याचाच!

फरक इतकाच, की माझ्यासमोर तासाला सारा वर्ग बसतो. समुपदेशकासमोर एकच माणूस. पाऊण तास त्याचे ऐकायचे, मग टिपणे लिहायची. दिवसाकाठी अशी माणसे ती किती होणार? एम.बी.बी.एस.नंतर तीन वर्षे एम.डी. केलेला मनोविकारतज्ज्ञ औषध लिहून देतो. तेवढ्याच वेळात तो अधिक रुग्ण पाहू शकतो; साहजिकच त्याची मिळकत अधिक. इथे विद्येइतकेच घड्याळही कमाई ठरवते.

मग फी वाढवावी? तर गरजू माणूस दारातूनच परततो. मनाच्या आजारालाही शरीराच्या आजारासारखाच विमा मिळावा, असे २०१७ चा कायदा सांगतो. पण बहुतेक विमे इस्पितळात दाखल झाल्यावरचा खर्च देतात आणि समुपदेशन होते खुर्चीत बसून! ती फी शेवटी घरखर्चातूनच जाते.

२०२२ साली सरकारने ‘टेलि-मानस’ सुरू केले. १४४१६ वर फोन करणाऱ्याला पैसे पडत नाहीत. ऐकणाऱ्याचा पगार सरकारी तिजोरीतून जातो.

म्हणजे ऐकणे फुकट कधीच नसते. त्याचे मोल सर्वांनी मिळून द्यायचे, की आधीच पिचलेल्या एकट्या माणसाने, एवढाच काय तो प्रश्न. दाढ दुखली तर आपण निमूट पैसे मोजतो. मनानेच काय घोडे मारले आहे?