हेड घासायचं की नवं आणायचं?

मिशिगनमधल्या आमच्या गॅरेजात गिऱ्हाईक शेव्हर्लेचं ३५० घन इंची व्ही-८ आणतं आणि विचारतं, जुनंच सिलिंडर हेड पोर्ट करू, म्हणजे त्यातल्या हवेच्या वाटा कोरून मोकळ्या करू, की तयार अ‍ॅल्युमिनियमचं घेऊ? मी आधी तडा शोधतो. सत्तरच्या दशकातली बिडाची काही हेडं पातळ ओतलेली. व्हॉल्व्हच्या सीटजवळ हमखास तडकतात.

पोर्टिंगची खरी कमाई असते व्हॉल्व्हच्या अगदी खाली, सीटलगतच्या वाटीत. तिथली ओतकामाची धार ग्राइंडरने उतरवली, सीटला तीन कोन दिले की हवा मोकळी वाहते. पोर्ट उगाच मोठा केला तर हवेचा वेग पडतो, कमी आरपीएमला गाडी मरगळते. जास्त कोरलं तर थेट पाण्याच्या वाटेला भोक! इंटेक आरशासारखा चकाकवणं तर मला मुळीच पटत नाही. किंचित खरखरीत भिंतच कार्बोरेटरच्या इंजिनाला बरी.

हिशेब मात्र पूर्ण मांडा. गाइड, सीट, व्हॉल्व्ह, स्प्रिंग, सरफेसिंग, मजुरी... बेरीज बहुतेकदा नव्या हेडांच्या जोडीच्या किमतीच्या आसपास जाते. अ‍ॅल्युमिनियम हलकं, उष्णताही लवकर सोडतं. चेंबर ७६ऐवजी ६४ सीसीचा घेतला की कॉम्प्रेशनही वाढतं. रस्त्यावरच्या गाडीला मी नवंच सांगतो. शर्यतीच्या नियमात मूळ हेड सक्तीचं असेल, किंवा जुनी कॅमॅरो मूळ कास्टिंग नंबरासकट जपायची असेल, तर ग्राइंडर हातात घ्यावा.