रुची कोणाची?

मध्ययुगीन माणसाची जीभ आणि आजच्या माणसाची जीभ यांत फरक आहे काय, असे कोणी विचारले की मी आधी विचारतो : कोणत्या माणसाची?

फरक आहेच. 1290 साली आमच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील नेवाशाला ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, तेव्हा इथल्या एकाही चुलीवर मिरची नव्हती. मिरची, शेंगदाणा, बटाटा, टोमॅटो ही मूळची अमेरिका खंडातली. 1498 नंतर युरोपीय जहाजांच्या वाटेने ती टप्प्याटप्प्याने इकडे आली. त्याआधी तिखटाला मिरे, आले, मोहरी होती. आज ज्याला आपण अस्सल गावरान म्हणतो तो मिरचीचा ठेचा ज्ञानेश्वरीहून निदान दोनशे वर्षांनी लहान आहे.

पण जिभेची आवड ही एक गोष्ट आणि अन्नाची प्रतिष्ठा ही दुसरी. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात आतड्यांचे पदार्थ आहेत, भाजलेले उंदीरही आहेत. तिथे तो राजभोग ठरला. महारवाड्यात शिजलेली वजडी मात्र हीनपणाची खूण ठरली.

गीतेचा सतरावा अध्याय सांगतो की, शिळे आणि उष्टे अन्न तामस माणसाला प्रिय असते. ज्ञानेश्वरीनेही हे मराठीत विस्ताराने सांगितले. आता गावगाडा पाहा. महाराला गावाने काय दिले? दारोदार मागितलेली शिळी भाकरी, पंगतीतले उष्टे आणि मेलेले ढोर. माझी आजी भाकरीचे तुकडे उन्हात वाळवून ठेवी आणि नड पडली की पाण्यात शिजवी. ते तिला प्रिय होते म्हणून नव्हे, दुसरे काही नव्हते म्हणून. जे वाट्याला आले, तीच आमची आवड ठरवली गेली आणि त्या आवडीवरून आमचा गुण ठरवला गेला. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मृतमांस व उष्टे सोडा असे सांगितले, ते याच साखळीवर घाव घालण्यासाठी. आपल्याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यातले दया पवार यांनी 1978 साली आत्मकथनाला 'बलुतं' हे नाव दिले, त्यातही हाच इतिहास आहे.

आजही प्रतिष्ठेचे वाटप थांबलेले नाही. गरिबाची बाजरी 2023 या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षात सरकारदरबारी 'श्रीअन्न' झाली. याउलट 2015 साली महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि गरिबाच्या ताटातले स्वस्त मांस गुन्ह्याच्या कक्षेत गेले. त्याच वर्षी शाहू पटोले यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' प्रसिद्ध झाले. मराठवाड्यातील महार-मांगांच्या चुलीची त्यात नोंद आहे.

तशी नोंद नगर जिल्ह्यातही व्हावी. शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी वस्तीतल्या म्हाताऱ्यांना काय खाल्ले एवढेच विचारू नये. ते कोणी दिले, कशाच्या बदल्यात दिले आणि निवड होती काय, हेही विचारावे. त्याशिवाय रुचीचा इतिहास लिहिता येणार नाही.