चिमण्यांची हजेरीवही

रायगड जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत एक हजेरीवही अशी आहे, की तिच्यात एकाही विद्यार्थ्याचे नाव नाही. आहेत ते खोक्यांचे क्रमांक, 1 ते 14. प्रत्येक क्रमांकापुढे तारीख, वेळ आणि मग नोंद: ‘गवत आणले’, ‘अंडी 3’, ‘पिल्ले 3, डोळे बंद’, ‘रिकामे, मुंग्या’. काही नोंदी उर्दूत, काही मराठीत. त्या दिवशी पेन ज्याच्या हाती, त्याची भाषा. ही आमच्या निसर्ग मंडळाची वही. मंडळ म्हणजे पाचवी ते नववीची पंचवीस-तीस मुलेमुली, आम्ही तीन शिक्षक आणि शाळेचे शिपाईचाचा. शिडी चाचांच्याच ताब्यात असते, त्यामुळे त्यांच्याशिवाय मंडळाचे पान हलत नाही.

शुक्रवारी शाळा लवकर सुटते. जुम्म्याची नमाज आणि जेवण उरकून मुले असरच्या आधी पुन्हा जमतात आणि दोघा-दोघांच्या जोड्या खोक्यांकडे निघतात. पहिली दहा मिनिटे जवळ जायचेच नाही. लांब उभे राहून पाहायचे: नर आला का, मादी आत आहे का, चोचीत काडी आहे की अळी. काडी म्हणजे घरटे चालू आहे, अळी म्हणजे आत पिल्ले आहेत. शाळेत दहा मिनिटे गप्प न बसणारी मुले इथे कशी बसतात, हे आम्हालाही कोडेच आहे. त्यानंतर जोडीतला एक जण बांबूच्या टोकाला बांधलेला छोटा आरसा भोकाशी नेतो आणि आतले मोजतो. एक मिनिटात काम संपवून मागे फिरायचे. पावसात पाहायचे नाही, संध्याकाळ झाली असेल तर पाहायचे नाही, आणि पिल्ले बारा दिवसांची झाली की आरसा बंद. त्या वयात ती घाबरली तर उडता येत नसतानाही बाहेर झेप घेतात.

माणसाचा हात लागला की चिमणी पिल्लांना टाकून देते, असे बहुतेक घरांत सांगितले जाते. तसे नसते. घरट्याबाहेर पडलेले उघडे पिल्लू हलक्या हाताने परत ठेवले तर आई त्याला सांभाळते. खरा धोका कावळ्याचा. माणसे पुन्हा पुन्हा कुठे थांबतात यावर तो नजर ठेवतो आणि आपण गेलो की पोचतो.

आता खोक्यांविषयी, कारण पालक त्याबद्दल नेहमी विचारतात. बाजारात रंगीत घरटी मिळतात. समारंभात ती भेट देतात, फोटो निघतो आणि मग ती पश्चिमेच्या उन्हात गॅलरीला टांगली जातात. एप्रिलमधल्या दुपारी अशा प्लॅस्टिकच्या घरट्यात हात घालून पाहावा, भट्टीच. आमची खोकी जुन्या प्लायवूडची, न रंगवलेली. भोक सव्वा इंचाचे, म्हणजे सुमारे 32 मिलिमीटर. चिमणी आत शिरते, साळुंकी शिरत नाही. भोकाखाली बसायला दांडी ठोकायची नाही. चिमणीला ती लागत नाही, कावळ्याला मात्र फार उपयोगी पडते. खोके आठ-दहा फुटांवर, पागोळीच्या आत, मांजर पोचणार नाही अशा भिंतीला. हंगाम संपला की उतरवून झाडून घ्यायचे, नाहीतर जुन्या गवतात गोचिडीसारखे बारीक किडे राहतात.

एवढे करूनही 14 पैकी निम्मी खोकी रिकामीच राहतात. एकात सरडा राहिला, एकात गांधीलमाशांनी पोळे केले. त्याचीही नोंद वहीत आहे. रिकाम्या खोक्याची नोंद लिहायला मुले कंटाळतात, पण खोके कुठे लावू नये हे आम्हाला त्याच नोंदींनी शिकवले.

दरवर्षी 20 मार्चला जागतिक चिमणी दिवस असतो. तो 2010 पासून पाळला जातो आणि त्यामागे आपल्या नाशिकचे मोहम्मद दिलावर आहेत, हे मुलांना सांगितले की ती जरा ताठ बसतात. 2024 आणि 2025 या दोन्ही वर्षी हा दिवस रमजानमध्ये आला. भाषणे, फेऱ्या काही ठेवल्या नाहीत. मुलांनी घरोघरी मातीच्या पसरट परळात पाणी ठेवले आणि रोज सहरीनंतर ते बदलले. आमच्या मते फेरीपेक्षा हे बरे.

चिमण्या कमी का झाल्या, असे विचारले की मुले पटकन मोबाइलच्या टॉवरकडे बोट दाखवतात. तो दोष शास्त्रज्ञांनी ठामपणे सिद्ध केलेला नाही. आपल्या गावात डोळ्यांना दिसणारी कारणे वेगळी आहेत. पूर्वी तांदूळ अंगणात सुपाने पाखडला जायचा, कण्या जमिनीवर पडायच्या. आता तांदूळ पिशवीतून निवडलेलाच येतो. दाणा मोठ्या चिमणीला चालतो, पण पिल्लांना पहिले काही दिवस अळ्या आणि मऊ किडे लागतात. परसातल्या वेलांवर फवारा मारला की तेही गेले. आणि सगळ्यांत मोठे कारण म्हणजे घर. कौलारू घराला वासे, रिपा, वळचण, भिंतीतली भोके असतात. स्लॅबच्या घराला ती नसतात. आखाती देशांत घाम गाळून कुटुंबाने पक्के घर बांधले, यात वाईट काही नाही. पावसाळ्यात गळक्या छपराखाली बादल्या मांडणाऱ्या आईला कौलांचे कौतुक सांगायला आम्ही जात नाही.

गेल्या एप्रिलमध्ये नेमका हाच पेच समोर आला. आमच्या वहीच्या शेवटच्या पानांवर खोक्यांबाहेरची घरटीही आहेत. त्यात मोहल्ल्यातल्या एका जुन्या घराच्या वळचणीची नोंद होती: पिल्ले 3, बाहेर आल्याची तारीख 9 एप्रिल. 17 तारखेला कळले, की घर उद्या पाडणार. मालक कुवेतहून रजेवर आलेले. सातवीतल्या दोन मुली वही घेऊन त्यांच्या दारात उभ्या राहिल्या, मागे आम्ही. मालक चिडले नाहीत, पण त्यांची अडचण खोटी नव्हती. “सर, माझी रजा पंचेचाळीस दिवसांची. मजूर आज आहेत, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावी जातील. पाऊस तोंडावर आला तर स्लॅब कधी टाकू? तीन चिमण्यांसाठी?”

आमच्याकडे याला उत्तर नव्हते. मुलींपैकी एकीने वही उघडून दाखवली आणि म्हणाली, “चाचा, आठ दिवस झालेत. अजून सात दिवसांत उडतील. आम्ही मोजलंय.” ओट्यावर तसबीह घेऊन बसलेल्या त्यांच्या आईने हे ऐकले. त्या मुलाला म्हणाल्या, “मग मागच्या बाजूने सुरू कर ना. रांधणीची भिंत आधी पाड. पुढची शेवटी.” मुकादमाने जरा कुरकुर केली, कारण सामान उलट्या बाजूने वाहायचे होते. पण मान्य केले.

सात दिवस ते अर्धे घर उभे होते. कौले उतरवलेली, वाशांचा सांगाडा आणि पुढच्या कोपऱ्यात तेवढा छपराचा तुकडा. धुळीमुळे चिमण्या पहिल्या दिवशी फार कमी वेळा आल्या, तेव्हा पिल्ले उपाशी मरतील असे वाटले. दुपारी मजूर जेवायला बसले की दोघीही तास मोजत बसायच्या: अर्ध्या तासात किती फेऱ्या. दुसऱ्या दिवसापासून फेऱ्या वाढल्या. 24 तारखेला सकाळी दोन पिल्ले समोरच्या शेवग्यावर दिसली. तिसरे मांजराने नेले, पिसे ओट्याखाली सापडली. वहीत ‘उडाली 2, मेले 1’ असे लिहिले आहे. त्याच दुपारी कोपरा पाडला.

नवे घर झाले तेव्हा दादींनी गवंड्याला सांगून पॅरापेटच्या आतल्या बाजूला दोन कप्पे ठेवून घेतले आणि त्यांच्या तोंडाला आमच्याकडून मापाचे भोक पाडलेल्या फळ्या मागवल्या. यंदा एका कप्प्यात चिमणीने घरटे केले. दुसरा रिकामा आहे. मालकांना कुवेतला फोटो गेले.

या वहीमुळे मुलांना सालिम अली पुस्तकातल्या चित्रापेक्षा जवळचे वाटतात. 1896 साली मुंबईत जन्मलेला, आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेला आणि खेतवाडीत मामांकडे वाढलेला हा मुलगा. पिवळ्या गळ्याच्या चिमणीची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते: छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली वेगळी चिमणी, मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी दिलेली चिठ्ठी आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतले मिलार्ड साहेब. आम्ही त्याआधीची गोष्ट सांगतो. 1906-07 च्या सुमारास दहा वर्षांच्या सालिमने तबेल्याच्या भिंतीतल्या एका घरट्यावर नजर ठेवली. मादी आत अंड्यांवर, नर बाहेर खिळ्यावर पहारा देत. त्याने नराला मारले. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर आणला. तोही मारला, तर तिसरा आला. सात दिवसांत आठ नर मारले आणि दर वेळी नवा पहारेकरी हजर. मुलांनी हे ऐकून आधी हळहळ केली, मग एकाने विचारले, “सर, पण त्यांनी हे लिहून ठेवलं होतं?” लिहून ठेवले होते, आणि सुमारे साठ वर्षांनी ती नोंद छापली गेली. बंदूक वजा केली तर आमची वही हेच करते.

सहली आमच्या स्वस्तातल्या असतात. पक्षी पाहायला सकाळ लागते आणि फजरला उठणाऱ्या घरांतून मुले वेळेवर येतात. या बाबतीत आम्ही नशीबवान आहोत. मोठ्या मुलींना पाठवायला काही घरे नाखूश होती. आम्ही आयांनाच बोलावले. आता चार-पाच अम्मी नियमित येतात आणि डबेही चांगले येतात.

पावसाळ्यात किहीम. अलिबागजवळच्या या गावात 1930 साली, हाताला नोकरी नसताना, सालिम अलींनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचा अभ्यास केला. नर अर्धेच घरटे विणतो, माद्या येऊन तपासतात, पसंत पडले तर मादी त्यात राहते. मग नर ते पुरे करतो आणि शेजारी दुसरे विणायला घेतो, दुसरी मादी यावी म्हणून. हे त्यांनी तासन्‌तास पाहून मांडले. विणतो नर, आणि मराठीत नाव सुगरण! मुली यावर फार हसल्या. एक म्हणाली, “मग त्याला गवंडी म्हणा.” उर्दूत त्याला बया म्हणतात, तिथे हा घोटाळा नाही.

हिवाळ्यात आक्षीचा किनारा. ओहोटीची वेळ पाहून गेले की वाळूवर कुरवांचे थवे बसलेले असतात. त्यातले काही थेट लडाख-तिबेटकडून आलेले, हे ऐकून एका अम्मींनी विचारले, “आणि परत कोण पाठवतं यांना?”

फणसाडचे जंगल मात्र आमचे लाडके. जंजिऱ्याच्या नवाबांचे हे शिकारीचे रान, 1986 साली अभयारण्य झाले. सुपेगावकडून आत गेले की शेकरू दिसतो, नशीब असेल तर धनेश. पण मुलांच्या लक्षात राहिला तो तिथे जाताना माळावर दिसलेला पक्षी. डोक्यावर तुरा, पंखांवर काळे-पांढरे पट्टे, लांब चोचीने गवत उकरणारा. मकतबमध्ये सर्वांनी हजरत सुलेमान अलैहिस्सलाम यांच्या हुदहुदची गोष्ट ऐकलेली, पण तो आपल्याच तालुक्यात चालतो-फिरतो हे कुणाला माहीत नव्हते. गाडी थांबवून वीस मिनिटे पाहिला. पाचवीतला एक मुलगा कुजबुजला, “टीचर, हा खरा आहे?”

सध्या खोकी उतरवून झाडायचे काम चालू आहे. 5 आणि 11 क्रमांकांच्या जागा बदलायच्या आहेत, 8 चा तळ कुजला आहे. घरी जुन्या कपाटाचे किंवा फर्निचरचे प्लायवूड पडले असेल तर शाळेत पाठवावे, अशी चिठ्ठी मुलांच्या हाती दिली आहे.