‘एकानं काय होतंय?’

श्रावण पाळणाऱ्याला आपल्याकडे कोणी छळत नाही. गटारीला मनसोक्त बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी ‘आता महिनाभर बंद’ म्हणाला की विषय संपतो. माळ घातलेल्याचं तर विचारूच नका. कालपर्यंत त्याच्या ग्लासात बर्फ टाकणारे मित्र आज त्याच्यासमोर बाटली काढायला संकोचतात. पण तोच माणूस ‘शुगर निघालीय, डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय’ म्हणाला, की टेबलावरचा प्रत्येक जण डॉक्टर होतो. ‘माझे काका रोज दोन घ्यायचे, नव्वदीपर्यंत ठणठणीत होते.’ ‘व्हिस्कीत कुठे साखर असते? बिनधास्त घे.’ ‘मग बिअर घे, ती काय दारू आहे का?’ आणि सगळे उपाय थकले की शेवटचा, प्रेमानं विचारलेला प्रश्न: ‘अरे, एकानं काय होतंय?’

या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवं, कारण तो विचारणारे शत्रू नसतात आणि ज्याला विचारला जातो तो बहुतेक वेळा व्यसनी नसतो. महिन्यातून दोन-तीनदा मित्रांबरोबर बसणारा, कंपनीच्या पार्टीत, लग्नाच्या आदल्या रात्री, एकतीस डिसेंबरला घेणारा हा माणूस. चाळिशी-पन्नाशीत त्याचा एखादा रिपोर्ट बिघडून येतो आणि तो पुन्हा कधीच पहिल्यासारखा होणार नसतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आणि ३१ कोटींहून अधिक लोकांना उच्च रक्तदाब आहे. म्हणजे चार-पाच जणांच्या कुठल्याही बैठकीत असा एक जण असणारच. मीही मधुमेहाच्या गोळ्या घेतो, आणि मीही बसायचो.

सुरुवात मापापासून करू. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेल्या व्हिस्कीच्या किंवा रमच्या ३० मिलीच्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ‘लार्ज’ म्हणजे २० ग्रॅम, क्वार्टर म्हणजे ६०. आता ‘ती काय दारू आहे का’ म्हणतात ती स्ट्राँग बिअर: ८ टक्क्यांची ६५० मिलीची एक बाटली म्हणजे ४० ग्रॅमच्या आसपास. चार स्मॉल पेग. माइल्ड घेतली तरी अडीच. घरच्या बैठकीत तर पेग नजरेनं भरला जातो आणि नजर रात्र चढेल तशी उदार होत जाते. त्यामुळे ‘एक’ म्हणजे किती, हे पिणाऱ्यालाही नक्की माहीत नसतं. डॉक्टरांना तो सांगतो ‘कधीतरी’. त्यात शेजारच्या खुर्चीत बायको बसलेली असेल तर ‘कधीतरी’चंही ‘क्वचित’ होतं.

हे अल्कोहोल शरीरातून काढण्याचं काम मुख्यतः यकृताचं, आणि यकृताला घाई करता येत नाही. तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम, एवढाच त्याचा वेग. लिंबूपाणी, ब्लॅक कॉफी, गार पाण्याची अंघोळ, कशानंही तो वाढत नाही. नऊ वाजता बसून तीन लार्ज घेतले, तर यकृत पहाटेपर्यंत त्याच कामाला जुंपलेलं असतं. निरोगी माणसाच्या बाबतीत याचा हिशेब दुसऱ्या दिवशीच्या डोकेदुखीवर भागतो. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याच्या बाबतीत खरी गोष्ट इथूनच सुरू होते.

रात्री आपण झोपलेले असताना मेंदूला साखर लागतच असते. ती यकृत पुरवतं: काही साठ्यातून, काही नव्यानं तयार करून. अल्कोहोलचं विघटन करताना यकृतातलं एनएडी नावाचं सहविकर मोठ्या प्रमाणात वापरलं जातं आणि त्याविना नवी साखर बनवण्याचं काम खोळंबतं. साठा शाबूत असेल तर निभावून जातं. पण आपल्या बैठकीचा क्रम आठवा. आधी शेंगदाणे, फरसाण, काकडी, चणाडाळ. जेवण ‘अजून एक होऊ दे, मग बघू’ करत बाराला. तोवर भूक मेलेली, चार घास कसेबसे. त्यात ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडसारखी गोळी घेतलेली असेल, तर ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावत राहते; कोणी इन्सुलिनच टोचून घेतलेलं असतं. साखर उतरवणारं औषध चालू आणि साखर भरून काढणारं यकृत दुसऱ्या कामात गुंतलेलं. पहाटे तीन-चारला रक्तातली साखर ७० च्या खाली, कधी त्याच्याही बरीच खाली जाते.

यातला सर्वांत घातक भाग असा की ती घसरण दारूसारखीच दिसते. घाम, थरथर, अडखळणारी जीभ, असंबद्ध बोलणं, उठवूनही न मोडणारी झोप. घरचे म्हणतात, ‘जास्त झालीय, झोपू द्या.’ ते झोपू देतात, आणि वेळ निघून जाते. मधुमेही माणूस पिऊन आल्यावर असा वागत असेल तर आधी ग्लुकोमीटर लावा. यंत्र नसेल आणि तो शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, मग काहीतरी खायला घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. १०८ ला फोन करा. एवढी माहिती मधुमेही माणसाच्या घरातल्या प्रत्येकाला असलीच पाहिजे, मग तो पिणारा असो वा नसो.

डॅपाग्लिफ्लोझिनच्या गटातल्या, आता सर्रास दिल्या जाणाऱ्या गोळ्यांचा धोका वेगळा आहे: कमी खाणं आणि भरपूर दारू एकत्र आली तर रक्तात कीटोन वाढून आम्लता होऊ शकते, आणि तेही साखर फारशी वाढलेली नसताना.

इतर आजारांचं थोडक्यात सांगतो. संधिवातासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांच्या यकृताची तपासणी ठरावीक काळानं करावी लागते, कारण ते औषधच यकृतावर भार टाकतं; त्यात दारूची भर नको, म्हणून डॉक्टर ती बंद करायला किंवा अगदी कमी करायला सांगतात. दारू रक्तदाब वाढवते. बिअर युरिक ॲसिड वाढवून गाऊटचा अंगठा पेटवते. हेपेटायटिस बी किंवा सी असेल, सिरॉसिस असेल, तिथे चर्चेला जागाच नाही. हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या एट्रियल फिब्रिलेशन या आजाराबद्दल ऑस्ट्रेलियातला २०२० चा एक अभ्यास बोलका आहे. नियमित पिणाऱ्या १४० रुग्णांचे दोन गट केले; एकाला दारू सोडायला सांगितली, दुसऱ्याला नाही. सहा महिन्यांत न सोडणाऱ्यांपैकी ७३ टक्क्यांना त्रास पुन्हा झाला, सोडणाऱ्यांपैकी ५३ टक्क्यांना. एका गोळीनं एवढा फरक पडला असता तर आपण ती रांगा लावून घेतली असती.

प्रत्येक दीर्घ आजारात थेंबही वर्ज्य, असं मात्र वैद्यकशास्त्र म्हणत नाही. साखर आटोक्यात असलेल्या मधुमेहींना काही मार्गदर्शक तत्त्वं जेवणाबरोबर मर्यादित प्रमाणाची मुभा देतात. पण ती मुभा मोजून घेणाऱ्याला, जेवून घेणाऱ्याला. आपल्या बैठकीत या दोन्ही गोष्टी घडत नाहीत. म्हणून ज्याला डॉक्टरांनी ‘बंद’ म्हटलंय, त्याच्यासाठी शून्य हाच सोपा आकडा आहे. एकदा ठरवला की दर वेळी स्वतःशी घासाघीस करावी लागत नाही.

‘थोडी हृदयाला चांगली असते’ हा युक्तिवाद अजून जिवंत आहे आणि तो कुठून आला हे सांगायलाच हवं, कारण त्यात आजारपणामुळे दारू सोडणाऱ्यांचाच हात आहे. अनेक जुन्या पाहण्यांत अजिबात न पिणाऱ्यांचा मृत्युदर थोडं पिणाऱ्यांपेक्षा जास्त दिसायचा. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमानं फ्रेंचांच्या हृदयाचं श्रेय रेड वाइनला दिलं आणि ही समजूत जगभर गेली. पण त्याआधीच, १९८८ मध्ये, ब्रिटनमधल्या जेराल्ड शेपर यांनी सात हजारांहून अधिक मध्यमवयीन पुरुषांच्या पाहणीतून शंका घेतली होती: ‘न पिणारे’ म्हणून मोजलेल्यांत कितीतरी जण पूर्वी पिणारे होते आणि तब्येत बिघडल्यावर त्यांनी सोडली होती. त्यांचा आजार न पिण्याच्या खात्यावर मांडला गेला होता. पुढे २०१९ मध्ये चीनमधल्या पाच लाख लोकांच्या पाहणीत, जन्मतःच दारू न सोसणारी जनुकं असलेल्यांची इतरांशी तुलना करून पाहिली, तेव्हा रोज एक-दोन घेण्यानं पक्षाघातापासून संरक्षण मिळतं ही समजूत टिकली नाही. प्रमाणाबरोबर धोका चढतच गेला. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असं स्पष्ट सांगितलं. आपल्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात मात्र प्रकृती राखण्यासाठी दारू हवी असणाऱ्याला परवाना देण्याची तरतूद आहे. ज्या काळात तो लिहिला गेला तेव्हाची समजूत तशीच होती.

हे सगळं पटलं तरी सोडणं जड जातं, आणि ते चवीमुळे नाही. पन्नाशीच्या पुरुषांना आपल्याकडे मन मोकळं करायला दुसरी जागाच उरलेली नाही. वडिलांचं आजारपण, मुलाचं न जुळणारं लग्न, नोकरीतला अपमान, कर्जाचे हप्ते, हे चहाच्या टपरीवर बोललं जात नाही. ते दुसऱ्या ग्लासानंतर निघतं. दारू सोडणाऱ्याला भीती वाटते ती ही जागा जाण्याची. ती भीती खरी ठरताना मी पाहिली आहे. आधी ‘तू काय करणार येऊन’ असं हसत म्हटलं जातं, मग ग्रुपवर निरोप येत नाही, मग फोटो दिसतात. आजारानं दिलेलं पथ्य माणूस पाळतो. मित्रांनी दिलेलं हे दुसरं पथ्य त्याला एकटं पाडतं. अशा वेळी कित्येक जण पुन्हा ग्लास उचलतात, तो दारूसाठी नव्हे, खुर्चीसाठी.

सोडणाऱ्यांसाठी एक-दोन व्यवहारातल्या गोष्टी. मॉकटेल, कोला, टॉनिक वॉटर या सगळ्यांत साखर असते. कोलाच्या ३०० मिलीत तीसेक ग्रॅम. साधा सोडा, लिंबू, मीठ बरं. आणि जो रोज पितो, ज्याचे हात सकाळी थरथरतात, त्यानं हा लेख वाचून एका दिवसात बंद करू नये. अशा माणसाला दारू अचानक सोडल्यावर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो; त्यानं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. त्यासाठी १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे, पुण्यात १९८६ पासून काम करणारं मुक्तांगण आहे.

बाकीचं काम मित्रांचं आणि यजमानांचं आहे. ‘मी घेत नाही’ म्हणणाऱ्याला कारण विचारू नका. त्यानं सांगितलंच तर त्यावर उपचार सुचवू नका. त्याला बोलावणं थांबवू नका. त्याच्यासाठी सोडा आणून ठेवा, ‘ड्रायव्हर आला’ म्हणून त्याच्याकडे गाडीच्या किल्ल्या फेकू नका. आणि जेवण बाराला नको, साडेनऊला वाढा. घेणाऱ्यांचंही त्यात भलंच आहे.