रिकिबीतला पाय आणि चाळीस वर्षांचा दुष्काळ

अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा ‘विवेकसिंधु’ शके 1110 चा, म्हणजे इसवी सन 1188 चा. मराठीतला आद्य काव्यग्रंथ म्हणून तो ओळखला जातो. पण आमच्या बीड जिल्ह्यात पोरासोरांना ग्रंथाआधी दंतकथा कळते. राजा जैतपाळाची अट होती: घोड्यावर चढताना एक पाय रिकिबीत ठेवल्यापासून दुसरी टांग पलीकडे पडेपर्यंत मला ब्रह्म दाखवा. ज्यांना जमलं नाही, त्या साधूंना त्यानं वेठीला धरलं. मग मुकुंदराज आले, त्यांनी राजाला स्पर्श केला आणि एक पाय रिकिबीत असतानाच त्याला समाधी लागली.

कथा खरी की खोटी, ते सोडा. तिच्यातला काळाचा हिशेब पाहा. बाहेर एका टांगेचा वेळ, आत अख्खं विश्व. हाच हिशेब मला पुन्हा भेटला तो एका अमेरिकन मालिकेत.

‘स्टार ट्रेक’ सुरू झालं 1966 साली. त्याच घराण्यातली ‘द नेक्स्ट जनरेशन’ ही मालिका 1987 ते 1994 अशी सात वर्षं चालली. तिच्या पाचव्या वर्षातला, जून 1992 मध्ये दाखवलेला ‘द इनर लाइट’ हा भाग माझा सगळ्यात आवडता. त्यात ना लढाई, ना राक्षस. अंतराळयानाला एक जुनाट यंत्र भेटतं, त्यातून एक किरण निघतो आणि कप्तान पिकार्ड जागच्या जागी कोसळतो. डोळे उघडतो तेव्हा तो कातान नावाच्या ग्रहावर, रेसिक गावात असतो. समोरची बाई सांगते, तू माझा नवरा कामिन, लोखंडाचं विणकाम करणारा. तापानं फणफणला होतास म्हणून असं बरळतोयस.

आधी तो झगडतो, मग हळूहळू रुळतो. बासरी शिकतो, दोन लेकरं होतात, जिवलग मित्र जातो, बायको जाते, नातवंडं खेळू लागतात. चाळीसेक वर्षं सरतात. म्हातारा होऊन तो जागा होतो, तर यानावर जेमतेम पंचवीस मिनिटं झालेली असतात.

हे पटतं कसं? गेलं वर्ष आठवून पाहा. 365 दिवस कुठे आठवतात? एक लग्न, एक मयत, एखादा आजार, पावसानं दिलेला दगा, असे दहा-बारा प्रसंग आठवतात आणि मधल्या जागा मन आपणच लिंपून घेतं. आयुष्य आठवायला आयुष्याएवढा वेळ लागत नाही. गंमत म्हणजे यंत्र पिकार्डला जे करतं, तेच तो भाग आपल्याला करतो. पाऊण तासात आपणही कामिनबरोबर म्हातारे होतो.

पण बीडच्या माणसाचा जीव अडकतो तो दुष्काळात. रेसिकला पाऊस नाही. पाण्याचं रेशनिंग आहे. तरी गावच्या चौकात लोकांनी एक रोप लावलंय आणि प्यायच्या पाण्यातलं थोडं त्याला घालतात. कामिन हवेतली वाफ धरून पाणी करायची यंत्रं सुचवतो. अधिकारी ऐकून घेतो, पुढे काही होत नाही. हे पाहायला दुसऱ्या ग्रहावर जायची गरज नाही, असं इथला कुणीही हसत म्हणेल.

मग तो प्रसंग येतो. कामिनची लेक मेरिबोर मातीचे नमुने तपासते आणि सांगते, हिच्यात जिवाणूच उरले नाहीत, माती मेली आहे. बापलेक दोघांनाही एव्हाना उमगलेलं असतं की हा नुसता लांबलेला दुष्काळ नाही. त्यांचा सूर्यच भडकत चाललाय. ढेकळात हात घालून त्यांना ताऱ्याचं मरण कळतं!

यात विज्ञान किती? सूर्याच्या या भडकण्याला मालिकेनं ‘नोव्हा’ म्हटलंय, पण हा शब्द जरा सैल वापरलाय. खरा नोव्हा घडतो तो श्वेत बटू ताऱ्यावर. शेजारच्या ताऱ्याकडून ओढलेला हायड्रोजन त्याच्या पृष्ठभागावर साचतो आणि एक दिवस पेट घेतो. आपल्या सूर्याचं तसं होणार नाही. तो अब्ज वर्षांत सुमारे 10 टक्के उजळत जाईल आणि साधारण 5 अब्ज वर्षांनी फुगून तांबडा राक्षसी तारा होईल. मात्र माती ही आकाशाची नोंदवही असते, हे शंभर टक्के खरं. चिमूटभर, एक ग्रॅम सुपीक मातीत अब्जावधी जिवाणू असू शकतात आणि ऊन, पाणी, हवा यांचा सगळा जमाखर्च त्यांच्या जगण्यामरण्यात उमटतो.

रेसिकच्या लोकांकडे पळून जायची सोय नव्हती. मग त्यांनी पिकार्डला भेटलेलं ते यंत्र आकाशात सोडलं, आपल्याला आठवणारं कुणीतरी शोधायला. त्यात भरलं काय? राजांची यादी नाही, लढाया नाहीत. एका साध्या माणसाचं घर, संसार आणि एक बासरी. दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाला ही निवड नवी नाही. ट्रॉलीत मावेल तेवढंच घ्यायचं असतं: तवा, परात, धान्याचं पोतं, गोधड्या, एखादी शेळी. बाकीचं गाव डोक्यातच न्यावं लागतं.

डोक्यातलं गाव टिकतंही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करून घेतल्या. त्यांत माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्याही आहेत. जात्यावरचं दळण थांबलं, पिठाच्या गिरण्या आल्या, पण ऐकणाऱ्याला त्या ओव्या अजून एका नांदत्या घरात नेऊन बसवतात. रेसिकचं यंत्र याहून वेगळं काही करत नव्हतं.

आणि ती बासरी! भागाचं नाव लेखक मॉर्गन गेंडेल यांनी बीटल्सच्या त्याच नावाच्या गाण्यावरून घेतलं. त्या गाण्याचं वाद्यसंगीत जॉर्ज हॅरिसननं जानेवारी 1968 मध्ये चक्क मुंबईत, एचएमव्हीच्या स्टुडिओत, आपल्या वादकांकडून वाजवून घेतलं होतं. बासरीवर होते हरिप्रसाद चौरसिया. शब्दांमागचा विचार चिनी तत्त्वज्ञ लाओत्सेचा: दाराबाहेर न पडताही जग जाणता येतं. पिकार्डचंही तेच झालं. यान सोडून तो कुठेच गेला नव्हता. त्याच्या हातातली बासरी मात्र मुकी होती, निव्वळ देखाव्याची. 2006 साली क्रिस्टीजच्या लिलावात ती 48 हजार डॉलरला गेली. जी वाजतच नाही, तिला एवढे पैसे कुणी मोजावेत? गोष्टीनं तिच्यात सूर भरला होता, दुसरं काय!

भाग संपतो आणि मी दर वेळी आमच्या जिल्ह्याकडे वळतो. बीडचा दुष्काळ ताऱ्याचा नाही. सह्याद्रीनं अडवलेले ढग, बालाघाटाचा उताराचा माथा, खाली पाणी धरायला भेगांपुरतीच जागा देणारा काळा पाषाण, आणि वर आपण घेतलेली पिकं व पाडलेली बोअरं, असं त्याचं गणित आहे. पाऊस वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. कमी आहे, शून्य नाही. शहराजवळची खजाना विहीर सोळाव्या शतकात, निजामशाहीत, सलाबतखानानं बांधवून घेतली. जमिनीखालच्या बोगद्यांतून पाणी विहिरीत येतं आणि बोगद्यानंच, मोटेशिवाय, पुढे शेतांकडे जातं. ज्यानं ती आखली, त्यानं आकाशाकडे नव्हे, जमिनीच्या उताराकडे बघितलं होतं.

मेरिबोरची चाचणी आपल्यालाही करता येते, तीही उपकरणाशिवाय. मृगाची पहिली सर पडल्यावर जो वास येतो, तो मुख्यतः जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. मातीतले स्ट्रेप्टोमायसिससारखे जिवाणू ते तयार करतात आणि लाख कोटी भागांत त्याचे चार-पाच भाग असले तरी माणसाच्या नाकाला कळतात. येत्या जूनमध्ये शेताच्या बांधावर उभं राहून दीर्घ श्वास घ्या. वास आला तर समजा, माती जिवंत आहे. कातानला जी मुदत मिळाली नाही, ती आपल्याला अजून आहे.