घामाचं ऑपरेशन: हात कोरडे झाल्यानंतरची वर्षं

उत्तरपत्रिका भिजू नये म्हणून हाताखाली रुमाल ठेवून पेपर लिहिणारी मुलं आपण पाहिलेली असतात. तळहातांच्या घामाचं त्यांचं दुःख खरं आहे आणि त्याची थट्टा होते हे वाईट आहे. त्यामुळेच ‘एका ऑपरेशनात कायमची सुटका’ असं कुणी म्हटलं की त्यांचा चटकन विश्वास बसतो. छातीत पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना मज्जातंतूंची एक साखळी असते. दुर्बिणीतून ती कापतात किंवा क्लिप लावून दाबतात, की हातांना घामाचा निरोप पोहोचत नाही.

गैरसमज: काही वर्षांत हात पुन्हा ओले होतात.
बहुतेकांचे होत नाहीत. व्हिएन्नातल्या शल्यचिकित्सकांनी आपल्या रुग्णांना सरासरी साडेचौदा वर्षांनी पुन्हा गाठलं आणि १९९४ साली निष्कर्ष मांडले. घाम परतला होता जेमतेम दीड टक्का लोकांत.

गैरसमज: मग सगळे समाधानी असणार.
खरी मेख इथे आहे. त्याच रुग्णांपैकी सुरुवातीला ९५ टक्के खूश होते. इतक्या वर्षांनंतर पूर्ण समाधानी उरले दोन तृतीयांश. हात कोरडेच होते, पण घामाने जागा बदलली होती. पाठ, पोट, मांड्या भिजू लागतात. याला भरपाईचा घाम म्हणतात आणि तो दोन तृतीयांश रुग्णांत आढळला. कुणाला तो जाणवतही नाही. कुणाला दुपारी शर्ट बदलावा लागतो, खुर्चीवरून उठताना मागे ओल राहिली का ते पाहावं लागतं. निम्म्या रुग्णांना जेवताना चेहऱ्यावर घाम येऊ लागला होता. त्या काळी साखळीवर वरच्या भागात घाव घालत. आज तिसऱ्या-चौथ्या बरगडीच्या पातळीवर काम करतात, त्याने हा त्रास कमी होतो. पण कुणाला किती होईल, हे आधी खात्रीने सांगता येत नाही. माझ्या मते रुग्णाला सर्वात आधी सांगायची गोष्ट हीच.

गैरसमज: त्रास झाला तर क्लिप काढून टाकू.
क्लिप निघते, पण दबलेला मज्जातंतू पूर्ववत होईलच याची हमी नाही. संमतीपत्रावर सही करताना हे ऑपरेशन कायमचं आहे असं धरूनच करावी.

गैरसमज: काख, तळपाय, सगळ्यावर हा एकच उपाय.
उत्तम गुण येतो तो तळहातांना. तळपायांचा भरवसा नाही. फक्त काखेसाठी ऑपरेशन केलेल्यांत, व्हिएन्नाच्याच नोंदींप्रमाणे, पूर्ण समाधानी होते एक तृतीयांश.

गैरसमज: लहानपणीच उरकलेलं बरं.
तैवानमध्ये ही शस्त्रक्रिया फार मोठ्या प्रमाणावर झाली. तिथल्याच आरोग्य खात्याने २००४ साली वीस वर्षांखालील रुग्णांसाठी तिच्यावर बंदी घातली.

आणखी एक: झोपेतही घाम येत असेल, तर आधी क्षयरोग, थायरॉइड यांची तपासणी हवी. तो आजारच वेगळा असू शकतो.

ॲल्युमिनियम क्लोराइडचं औषध, पाण्यातून सौम्य विद्युतप्रवाह देणारं यंत्र, बोटॉक्सची इंजेक्शनं, गोळ्या हे सगळं त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने आधी करून पाहा. तरीही ऑपरेशनच करायचं ठरलं, तर सर्जनना दोन प्रश्न जरूर विचारा: साखळी कोणत्या पातळीवर कापणार, आणि पाच वर्षांपूर्वी तुम्ही ऑपरेशन केलेल्या एखाद्या रुग्णाशी मला बोलता येईल का?